जेवणानंतर एक चमचा

१

शिवणबाई मुलीकडे गेली ती स्वतःच्या पायांनी आणि परत आली ती थेट इस्पितळात. मुलीच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, हातात पाण्याचं भांडं होतं, आणि बोलता बोलता खाली बसावं तशी ती कोसळली. रक्तदाब इतका उतरला होता की डॉक्टरीणबाईंना यंत्र बिघडल्यासारखं वाटलं. त्यांनी दुसरं मागवलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

"औषधं कोणती चालू आहेत?" त्यांनी मुलीला विचारलं.

"औषध कसलंच नाही," मुलगी म्हणाली. "आई फक्त ती कंदाची पूड घेते. वर्ष झालं."

मुलगी बोलली एवढंच, पण तेवढं पुरलं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की पूड बाधली. संध्याकाळी दुधाच्या दुकानात एक बाई मला पुडीत उंदराचं औषध सापडल्याचं सांगत होत्या. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणे सगळेच सांगतायत.

ती पूड आमच्याच गल्लीतली. टोकाच्या बैठ्या घरात मावशी राहतात. माझ्याहून वयाने लहान, पण त्या जगाच्या मावशी, म्हणून माझ्याही. आईकडून शिकलेल्या रीतीने त्या कंद धुतात, वाफवतात, सावलीत वाळवतात, गिरणीतून दळून आणतात आणि घरी फडक्यातून चाळतात. मुलगा दुकानांत माल पोचवतो. मावशींचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते घराच्या खिडकीतून गल्लीतल्या लोकांना डबे देतात. डबा देताना काका दोन शब्द विचारणार, कुठे दुखतं, झोप लागते का, जिना किती आहे. डॉक्टर बिलासाठी विचारतात, काका खरंच विचारतात, असं शिवणबाई म्हणायची.

तिची बोटं आखडायची. तिने मशीनवर चादर टाकून दिली होती. माझे गुडघे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि भाजीची पिशवी घेऊन वर येताना मधल्या वळणावर बसून मी डोळे पुसलेले आहेत. पूड सुरू झाली आणि पहिला डबा संपायच्या आत शिवणबाईने मशीनवरची चादर काढली आणि मी एका दमात जिना चढू लागले. दोघींच्या चेहऱ्यांवर गोलाई आली, भूक वाढली. लोक म्हणाले, तेज आलंय. ते ऐकून आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या दिवशी मात्र मी घरी आले, डबा उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. हात साबणाने दोनदा धुतले. फार शहाणपणाचं काम केलं असं मला वाटलं. त्या शहाणपणापायी माझाच जीव जायची वेळ येणार होती, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला हसले असते.

२

तळमजल्यावर माझे दीर राहतात. सरकारी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. तिथे त्यांना 'चाळणी' म्हणायचे, कारण समोर आलेली कुठलीही गोष्ट चाळल्याशिवाय हा माणूस पुढे जाऊ देत नसे. निवृत्तीनंतरही खोड गेलेली नाही. मी आमटीत मीठ जास्त पडलं म्हटलं, तर भावजी विचारतात, कुणाच्या जिभेला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी त्यांच्याकडे आल्या. मी तिथे चहाला बसले होते. मावशींनी रात्र जागून काढलेली दिसत होती.

"अधिकारी येणार आहेत सोमवारी," त्या म्हणाल्या. "सगळा माल जप्त करणार, खोलीला सील लावणार आणि लोकांना डबे फेकून द्यायला सांगणार. सील लागलं तर लागू दे. पण माझ्या हातचं खाऊन माणूस मरायला टेकलं असं झालं, तर मी जगून काय करू? तुम्ही बघा. माझंच चुकलं असेल तर तसं तोंडावर सांगा."

"पूड कशासाठी घ्यायची?" भावजींनी विचारलं.

"ताकदीसाठी. आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला, जेवण जात नाही अशा म्हाताऱ्या माणसाला. पोट साफ राहतं, झोप बरी लागते. हळूहळू अंग धरतं."

"आणि गुडघ्यांसाठी?"

मावशींनी माझ्याकडे ओशाळून बघितलं. "गुडघ्यांना ती काय करणार? कंद आहे हो तो. डब्यावर मुलाने सात रोग छापलेत, त्यावरून आमचं भांडण झालंय. पण लोक येऊन सांगतात, मावशी, दुखणं पळालं. मग मी म्हणते, असेल बाई, आईला माहीत असेल, मला नसेल."

"चव कशी असते?"

"गोडसर," मावशी म्हणाल्या. "कच्चा कंद कडू असतो. तीन पाण्यांतून काढला की कडूपणा जातो. नंतर जिभेवर गोडच राहतो."

वर्षभर मी ती कडू पूड नाक दाबून गिळत होते. पण प्रत्येकाला आपला माल गोडच लागतो, असं मनाशी म्हटलं.

"तुम्ही घरी घेता?"

"रोज. पण आम्ही भरड घेतो. चाळून खाली पडतं ते लोकांसाठी, फडक्यावर उरतं ते घरच्यांसाठी. आईच्या वेळेपासूनची रीत आहे. विकायची पूड आपण खायची नाही."

त्या गेल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, तुमचा डबा आणा."

"बादलीत टाकला."

ते स्वतः तीन जिने चढून आले, बादलीत हात घातला आणि भाजीच्या देठांतून डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. आत पुडीवर कागदाची गोल चकती होती, कडा बारीक मुडपून नीट दाबून बसवलेली. ती त्यांनी चिमटीने उचलून वेगळी ठेवली. मग करंगळीच्या टोकावर पूड घेऊन जिभेला लावली आणि लगेच चूळ भरली.

"कशी घ्यायची असं सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"जेवल्यावर एक चमचा, दुधातून. रिकाम्या पोटी चुकूनसुद्धा नको, असं काका दर वेळी बजावतात."

त्यांनी डबा फिरवून माझ्या नाकासमोर धरला. छापलं होतं, सकाळी अनशापोटी घ्यावी.

३

त्या दुपारी भावजी मावशींच्या घरी निघाले आणि मीही मागे लागले. म्हटलं, माझ्या पोटात गेलेली वस्तू आहे, मला बघण्याचा हक्क आहे.

मागची खोली लख्ख होती. दोऱ्यांवर कंदाच्या चकत्या, कोपऱ्यात पिंप, भिंतीला टेकवलेली फडकी. गिरणीवाला आधीच येऊन बसला होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"साहेब, मी आधीच सांगून मोकळा होतो," तो म्हणाला. "मागच्या खेपेला मावशींच्या आधी मी पाखरांसाठी किडकं धान्य दळलं. जातं पुसलं होतं, पण शपथ घेऊन नाही सांगू शकत. त्यानं माणूस मरतं का?"

"दळण झाल्यावर चाळणं कोण करतं?"

"मावशी. घरी."

"मग धान्य असलंच तर भरडीत जास्त राहिलं असतं. मावशी आणि काका रोज भरड खातात आणि ठणठणीत आहेत. तू घरी जा आणि जेव."

गिरणीवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो गेला तसा मुलगा आला. हा मुलगा बोलायला लागला की पुढच्याला जाहिरात ऐकल्यासारखं होतं. त्या दिवशी मात्र त्याला शब्द सापडत नव्हते. दुकानांतले सगळे डबे त्याने सकाळीच उचलून आणले होते.

"पुरावा लपवतोयस असं लोक म्हणतील," भावजी म्हणाले.

"डब्यावर मी लिहिलंय, साखर, सांधे, दमा, सगळं. ते अधिकाऱ्यांच्या नजरेला पडू नये एवढंच होतं मनात. बाकी दुकानांतून एक तक्रार नाही, साहेब."

"आणि कौतुक? गुडघे बरे झाले असं दुकानातलं गिऱ्हाईक सांगतं?"

त्याने डोकं खाजवलं. "नाही. दुकानवाले म्हणतात, खपते बरी, लोक ताकदीला नेतात. कौतुक सगळं खिडकीवर येतं. आई त्यावरच जगते."

भावजींनी त्याच्या ढिगातून दोन डबे मागून घेतले. उघडून बघितले. कागदाची चकती नव्हती. चमचाभर पूड जिभेवर घेतली आणि मलाही दिली. मी सवयीने नाक दाबलं. पूड पिठूळ होती आणि शेवटी गोडसर लागली.

मी भावजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवून गप्प राहायला सांगितलं.

काका खिडकीशी उभे होते. बाहेर दोन बायका डबे परत द्यायला आल्या होत्या आणि काका हात जोडून त्यांना विनवत होते. "बंद करू नका. माझं ऐका, एकदम बंद करू नका. हवं तर अर्धा चमचा घ्या." एक बाई म्हणाली, "लाज वाटत नाही का अजून विकायला?" आणि डबा ओट्यावर आपटून गेली.

काका आत वळले. शांत माणूस, स्वच्छ सदरा, नखं कापलेली. आमच्यासाठी त्यांनीच चहा टाकला. मावशींना बसवत नव्हतं, म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"शिवणबाई कशी आहे?" त्यांनी मला विचारलं.

"शुद्धीवर आहे. पण उठवत नाही."

"मुलीकडे जाताना डबा न्यायचा राहिला असेल तिचा," काका म्हणाले आणि कपात चहा ओतत राहिले.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. डबा संपायच्या आधी ते आठवण करायचे, कुणी आजारी असलं तर डबा घरी पोचवायचे. बाहेर पडल्यावर मी भावजींना म्हटलं, "बिचारे. या वयात काय वेळ आलीय."

घराकडे वळायचं सोडून भावजी शिवणबाईच्या खोलीकडे वळले.

४

शिवणबाईच्या शेजारणीकडे किल्ली होती. खोलीत मशीन, त्याच्यावर अर्धवट शिवलेला झगा आणि फळीवर डबा. जवळजवळ भरलेला. भावजींनी झाकण उघडलं. वरती कागदाची चकती, कडा मुडपलेली.

"दुसरा डबा नेला असेल," मी म्हटलं.

"तेच विचारायला जाऊ."

इस्पितळात शिवणबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला बघून तिने हात पुढे केला. हातावर निळे डाग होते. माझ्याही हातावर असे डाग पडायचे, जरा कुठे लागलं की. वयाने होतं असं आम्ही दोघी म्हणायचो.

"मुलीकडे पूड घेतलीस का गं?"

"कुठली घेणार? डबा फळीवरच राहिला," ती हळू आवाजात म्हणाली. "मुलीला म्हटलं, माझी पूड राहिली, तर ती म्हणाली, राहू दे की दोन दिवस. बोटं लगेच दुखायला लागली. मग अंगातलं बळच गेलं. अन्न बघवेना. मला वाटलं, प्रवासाचा शीण."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. भावजींनी चष्मा काढून पुसला.

"सगळं गाव विचारतंय, हिने पूड किती घेतली. आणि काका एकटेच म्हणाले, घ्यायची राहिली असेल."

"म्हणजे?"

"विष घेतलं की माणूस पडतं, वहिनी. ही पडली ती पूड सुटली म्हणून."

मला काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकवतही नव्हतं. बाकावर बसल्यापासून माझे गुडघे जुन्यासारखे ठणकत होते. मी तो ठणका भीतीच्या नावावर लावून टाकला.

"मी दोन्ही प्रकारचे डबे प्रयोगशाळेतल्या मित्राकडे देतो," भावजी म्हणाले. "उद्यापर्यंत कळेल. तुम्ही नीट आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दात घासताना ओकारी आली. चहाचा वास सोसवेना. म्हटलं, विष अंगातून निघतंय, निघू दे.

दुपारी दार वाजलं. काका उभे होते, तीन जिने चढून आल्याने धापा टाकत. हातात नवा डबा होता.

"ताई, तुम्ही घेणं बंद केलंत ना?"

"केलं."

"बंद करू नका. एवढं माझ्यासाठी करा. जेवल्यावर एक चमचा. नंतर मी सांगेन तसं कमी करू."

"काका, माझी मैत्रीण मरता मरता वाचलीय," मी म्हटलं. "आणि तुम्हाला डबा खपवायचा आहे?"

त्यांचं तोंड मारल्यासारखं झालं. मी दार लावून घेतलं. फटीतून बघितलं तेव्हा ते पायरीवर बसले होते, डबा मांडीवर घेऊन. बराच वेळ ते तिथेच होते.

मग मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. भांडं हातातून सुटलं. भांडं उचलायला वाकले आणि जमीन वर आली. एवढंच आठवतं. आणि एक आठवतं, की भांडं पडल्याच्या आवाजाबरोबर बाहेरून कुणीतरी दार ठोठावत होतं, आणि जिन्यावरून माझ्या दिरांच्या नावाने ओरडत होतं.

६

डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खाटेवर शिवणबाई होती. माझ्या हातात सुई होती आणि डॉक्टरीणबाई भावजींना म्हणत होत्या, "तुम्ही स्टेरॉइड म्हणालात म्हणून नेमकं इंजेक्शन देता आलं. दोघींना. नाहीतर आम्ही विषावर उपचार करत बसलो असतो."

ते डॉक्टरीणबाईंनी मला सोप्या शब्दांत सांगितलं. स्टेरॉइडची गोळी दुखणं विझवते, भूक वाढवते, चेहरा गोल करते, कातडी नाजूक करते. अंग स्वतःही तसाच एक रस बनवत असतं. वर्षभर बाहेरून मिळाला की अंग तो बनवायचं सोडून देतं. मग बाहेरचा एकाएकी थांबला, की माणसाकडे काहीच उरत नाही. म्हणून ती गोळी कमी कमी करत सोडायची असते.

मी गोल चेहऱ्यावर हात फिरवला. वर्षभर मिरवलेलं तेज ते हे.

संध्याकाळी मावशी आणि काका मला बघायला आले. मुलगाही होता. भावजींनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मावशी, तुम्ही विचारलं होतं की तुमचं चुकलं का," ते म्हणाले. "दुकानातले डबे तपासले. निर्मळ आहेत. खिडकीवरच्या काही डब्यांत गोळ्या कुटून मिसळल्यात. ज्यांत आहेत त्यांत वर कागदाची चकती आहे, म्हणजे कुणाला कुठला द्यायचा ते चुकू नये."

"गिरणीत पडलं असेल," मुलगा म्हणाला.

"गिरणीत पडलं असतं तर सगळ्या डब्यांत असतं. आणि तुझ्यावर मी थोडा वेळ संशय धरला होता, खोटं कशाला बोलू. पण तू मिसळणार असतास तर दुकानातल्या डब्यांत मिसळलं असतंस, खप तिथे आहे. हे ज्याने केलं त्याला खपाशी कर्तव्य नव्हतं. त्याने फक्त अशा माणसांना दिलं जी खिडकीवर येऊन दुखतं म्हणाली. म्हणजे तो खिडकीशी बसून ऐकणारा माणूस. डब्यावर छापलंय अनशापोटी, आणि तो सांगतो जेवल्यावर, कारण ती गोळी रिकाम्या पोटी सोसत नाही हे त्याला ठाऊक आहे. कुणाचा डबा संपू नये म्हणून तो जपतो. काल सगळी गल्ली शिव्या देत होती तरी तो बंद करू नका म्हणून हात जोडत होता."

मावशी अजून समजल्या नव्हत्या. त्या भावजींकडेच बघत होत्या, पुढे काय म्हणून. काकांनी नजर खाली घातली होती.

भावजींनी त्यातली कागदाची चकती टेबलावर ठेवली आणि माझा बादलीतला डबा पुढे केला. "जिभेला लावून बघा."

मावशी मागे सरल्या. "विकायची पूड मी खात नाही."

"आज खा."

त्यांनी चिमूट घेतली. कडू लागून तोंड वाकडं झालं. त्यांनी टेबलावरची कागदाची चकती उचलली, मुडपलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"तुमच्या हातची घडी आहे ही," त्या म्हणाल्या.

काका अर्धं आयुष्य एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. गोल कागदाच्या, कडा मुडपलेल्या पुड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण माणूस रोज चहा पाजतो म्हटल्यावर त्याच्या बोटांकडे कोण बघतं?

"एक बाई डबा परत करायला आली होती," काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "म्हणाली, मावशी, काही फरक नाही. ही आत गेली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दोऱ्यांवरून कंद काढताना म्हणाली, आई गेली तेव्हाच हे बंद करायला हवं होतं. मला ते बघवेना. आमचे डॉक्टर संधिवाताच्या पुडीत ती गोळी घालायचे. माणूस वाकून यायचा आणि दोन दिवसांनी हसत यायचा. मी म्हटलं, एका बाईला देऊ. ती आली आणि हिच्या पाया पडली. त्या दिवशी ही गात गात चाळत होती."

"तुमचे डॉक्टर कमी करत आणायचे," भावजी म्हणाले.

"हो."

"मग तुम्हाला माहीत होतं."

"मी कुणाचं बंदच होऊ देणार नव्हतो," काका म्हणाले.

त्यातला वेडेपणा त्यांना स्वतःला ऐकू गेला असावा. ते भिंतीला टेकले.

"काका," भावजी म्हणाले, "पोलीस काय करायचं ते करतील. मला आत्ता नावं हवीत. गल्लीत कितीतरी जणांनी डबे फेकलेत. सोमवारी अधिकारी उरलेल्यांना फेकायला सांगतील. यांतलं कोण कोण चकतीवालं आहे ते जगात तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

काकांनी मावशींकडे बघितलं. त्यांना बहुधा पोलिसांची भीती नव्हती. एकेक नाव म्हणजे मावशींच्या पाया पडलेलं एकेक माणूस होतं.

मावशी उठल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा कंद खोटा पडला असता तरी मी जगले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला खरा करायला का गेलात? सांगा नावं. सगळी सांगा. मी ऐकते."

काका सांगू लागले. मुलगा एकेक नाव ऐकून फोन लावत गेला. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी गाडी पाठवली. रक्ताच्या नात्याने ओळखावं तसं काकांना प्रत्येकाचं दुखणं ठाऊक होतं, कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाला किती पायऱ्या. माझं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "तिसरा मजला. जिन्यावर बसून रडत होत्या. मी वरच्या मजल्यावर डबा द्यायला चाललो होतो."

मला कुणीही रडताना बघितलेलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

७

कुणी दगावलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाला वेळेवर उचलून आणलं, बाकीच्यांना घरच्या घरी गोळ्या देऊन सावरलं. काकांवर खटला चालू आहे. जामिनावर सुटले त्या दिवसापासून ते प्रत्येकाच्या दारी जाऊन काय दिलं होतं ते स्वतःच्या तोंडाने सांगून आले. मावशी बरोबर असायच्या, बोलायच्या नाहीत. काही घरांनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. मी आत घेतलं, पण चहा विचारला नाही. नंतर दिवसभर मला त्या न विचारलेल्या चहाचंच वाईट वाटत राहिलं.

शिवणबाई बरी आहे. तिचा झगा अजून अर्धवट आहे. ती थोडं शिवते, थोडा वेळ बोटं गरम पाण्यात धरते, पुन्हा थोडं शिवते. तिला काकांचा राग येत नाही, असं ती म्हणते. मला येतो. माझ्या अंगात मला न विचारता वर्षभर कुणी काहीतरी घालत होतं, ते मी कसं सोडून देऊ? पण त्याच वर्षी मी भाजीची पिशवी घेऊन गाणं म्हणत जिना चढले आहे. ते गाणंही खोटं होतं असं मला म्हणवत नाही.

परवा मी पिशवी घेऊन वर येत होते. मधल्या वळणावर गुडघ्यांनी नको म्हटलं, म्हणून पायरीवर बसले. खालून मावशी येताना दिसल्या. त्यांच्या हातात कागदात बांधलेली पुरचुंडी होती.

"डबा नाही आणला," त्या म्हणाल्या. "डबे बंद केलेत. ही घरची भरड आहे."

"गुडघ्यांना काय करील?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "भूक लागेल. झोप जरा बरी लागेल. गुडघे दुखतीलच."

मी पुरचुंडी सोडली, चिमूटभर भरड तोंडात टाकली आणि चावत बसले. मावशी शेजारच्या पायरीवर बसल्या. माझं चावून होईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"गोड आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला. मग माझी पिशवी उचलून त्या पुढे झाल्या आणि मी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत, त्यांच्या मागून चढू लागले.